नाव न घेता

फोन खणाणला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. तुरिडने इस्त्री उभी केली, लेकीचा फ्रॉक खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि रिसीव्हर उचलला.

"मी बोर्गहिल्डमावशी. साखळी सुरू झालीय गं."

बेटावरच्या प्रार्थनाघरातल्या बायकांची ही जुनी रीत. कुणावर काही ओढवलं, की एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला. निरोप आला की हातातलं काम ठेवायचं, प्रार्थना करायची, मग पुढचीला कळवायचं. नाव मात्र घ्यायचं नाही. देवाला ते ठाऊक असतं.

"सांगा मावशी."

"एक आई आहे. घर सोडून चाललीय. आजच्या बोटीने, लेकराला इथंच ठेवून."

तुरिडने फोनची वायर बोटाला गुंडाळली. "कुणी सांगितलं?"

"असं विचारतात होय? काल प्रार्थनाघरातल्या मुलांच्या वर्गातून आलंय, एवढंच मला ठाऊक. चल, माझा पाव करपतोय. आणि मनापासून प्रार्थना कर हं. तुझी पोचते."

तुरिड खिडकीशी उभी राहिली. बोटं एकमेकांत गुंफली. बाहेर समुद्र अगदी निवांत होता. धक्क्यावर कुणीतरी जाळं वाळत घालत होतं. मग तिने योरुनला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला.

"ती सिल्याच असणार!" योरुन म्हणाली. "शहरातली बाई, नवरा महिनोनमहिने मासेमारीवर. करमतंय कुठलं तिला इथं!"

"माझाही नवरा मासेमारीवरच असतो, योरुन."

"तुझी गोष्ट वेगळी. परवा तुझ्या सासूबाई सगळीकडे सांगत होत्या, सुनेने महिनाभराचे माशांचे वडे करून फ्रीजरमध्ये ठेवलेत म्हणून. तू कुठं, ती कुठं! कसली बाई गं, पोटच्या पोराला टाकून..."

"नाव घ्यायचं नसतं."

"बरं बाई, नाही घेत. मागू काय ते तरी सांग. ती थांबावी, हेच ना?"

तुरिडने वायर पुन्हा बोटाला गुंडाळली.

"अगं, आहेस ना?"

"तिला बळ मिळावं, असं माग."

"कशाचं? जायचं?" योरुन हसली.

"नुसतं बळ. ठेवते मी."

उरलेली इस्त्री तिने शांतपणे उरकली. फ्रॉक, गरम मोजे, स्वेटर असं सगळं खालच्या खणात ठेवलं, लेकीच्या, सुन्निवाच्या, हाताला येईल असं. ओटा पुसला. घड्याळाकडे पाहिलं.

दार ढकलून सुन्निवा आत आली. सहा वर्षांची पोर. गाल थंडीने लाल, गुडघ्यांना कोळशाची काजळी.

"फोन आला होता?"

"हो. साखळीचा."

"मग केलीस प्रार्थना?"

"केली हो, आजीबाई. आणि हे गुडघे कुठे रंगवून आणलेस?"

सुन्निवाने गुडघे हातांनी झाकले.

खाडीच्या तोंडाशी बोटीचा भोंगा वाजला. तुरिड वाकली, लेकीच्या टोपीचे बंद सोडले, कपाळावर ओठ टेकवले, जरा जास्तच वेळ.

"जा, आजीकडे जाऊन बस. तिने वॉफल केलेत."

सुन्निवा हलली नाही.

तुरिडने खुंटीवरचा कोट अंगात घातला. जिन्याखालचं कपाट उघडलं. आत हात घातला. कपाट रिकामं होतं.

"मी वर्गातल्या बाईंना नाव नाही सांगितलं," मागून सुन्निवा म्हणाली. "नुसतं 'एक आई' म्हटलं. तुझी बॅग कोळशाच्या खोलीत आहे. आता सगळ्यांनी प्रार्थना केली ना, मग तू राहशील ना, आई?"