पांढरेशुभ्र दाणे

तुर्भ्याच्या त्या छोट्या हॉस्पिटलात उज्वला सिस्टरची नऊ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, पण या सोमवारी डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत तिच्याच लेकीचे, क्षिप्राचे टॉन्सिल काढायचे होते, आणि आईचे हात थरथरतात म्हणे.

भूल द्यायच्या मशीनला चुन्याच्या दाण्यांचा एक पारदर्शक डबा असतो. पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ते दाणे शोषून घेतात आणि दमले की जांभळे पडतात. पण रविवारभर मशीन बंद राहिलं, की तेच निकामी दाणे पुन्हा पांढरे दिसायला लागतात, अगदी साळसूदासारखे. शनिवारी ते जांभळे झाले तेव्हा स्टोअरला कुलूप लागलं होतं, म्हणून उज्वलाने नेहमीसारखी कपाळावरची टिकली काढून डब्यावर चिकटवली होती. टिकली दिसली की आधी दाणे बदलायचे, ही खूण थिएटरमधल्या सगळ्यांना ठाऊक.

दार ढकलून आजच रुजू झालेला टेक्निशियन रणजीत बाहेर आला. "सिस्टर, टेन्शन नका घेऊ. पोरगी झोपली. डबा मी स्वतः बघितला, दाणे एकदम पांढरेशुभ्र!"

उज्वला बाकावरून ताडकन उठली. "म्हणजे नवे भरलेस ना रे? टिकली होती ना त्यावर?"

रणजीत कौतुकाच्या आशेने हसला.

"ती टिकली होती होय? सकाळीच खरवडून काढली. डबा कसा लख्ख केलाय, बघाच तुम्ही!"