आवाज तेवढा येतो

माइक हातात आला तसा कांतानं तो बंद करून मांडीवर ठेवला.

"आई, बोल ना. सगळे बोलतात," इला कुजबुजली. "यू हॅव टु टेल देम हू इज हू."

"मीच बोलत बसले तर तुला बाबांचा आवाज कसा ऐकू येईल?"

इलानं मान डोलावली आणि आईचा हात धरून बसली.

बेलव्ह्यूच्या लायब्ररीत रविवारी दुपारी चाळीसेक माणसं जमली होती. एशियन फिल्म फेस्टिव्हलवाल्यांनी यंदा ही नवीनच टूम काढली होती. घरात पडलेल्या जुन्या व्हिडिओ टेप घेऊन या, आम्ही मोठ्या पडद्यावर दाखवतो, तुम्ही माणसांची ओळख करून द्या. एका कोरियन आजीनं स्वतःचं लग्न दाखवून नुकतंच सगळ्यांना हसवलं होतं. कांताचं नाव इलानं परस्पर नोंदवलं होतं. ती चौदा महिन्यांची असताना कांताचा नवरा बुद्धभूषण गेला. घरात त्याचे फोटो पुष्कळ होते, आवाज कुठेच नव्हता. खरं सांगायचं तर कांतालाही तो आता आठवत नव्हता, आणि हे तिनं लेकीजवळ कधी कबूल केलं नव्हतं.

टेप होती ही एकच. सत्तावीस वर्षांपूर्वीची, चौदा एप्रिलच्या जयंतीची. सासूबाईंना बघायला मिळावी म्हणून कुणाच्या तरी बॅगेतून नागपूरला धाडलेली. अमेरिकेतली टेप तिकडच्या मशीनवर धड लागत नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं. ती पोचली तोवर बुद्धभूषण गेलेला होता. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "चित्र काही दिसत नाही वं. नुसत्या रेघा पळतात. आवाज तेवढा येते, तोबी तुहाच." कांताला तो टोमणा वाटला होता. पुढं सासूबाई गेल्या, टेप परत आली आणि कपाटात पडून राहिली.

दिवे मालवले. पडद्यावर चर्चच्या तळघरातला भाड्याचा हॉल उजळला. निळं कापड अंथरलेलं टेबल, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती, मेणबत्त्या. एकेक जण पुढं येऊन "जयभीम, आई!" म्हणत होता. सगळी तरणीताठी, काळ्याभोर केसांची. कडेवर इलाला घेतलेली कांता आली आणि तीही हसली. सगळेच कॅमेऱ्याच्या जरा वर बघून हसत होते. तिथं बुद्धभूषणचा चेहरा होता.

"बाबा काहीच का बोलत नाहीत?" इलानं विचारलं.

बुद्धभूषण मुलखाचा बोलका. कॅमेरा हातात आला की त्याची टकळी सुरू व्हायची. म्हणून त्या दिवशी घरातून निघतानाच तिनं बजावलं होतं, आज तुमची बडबड नको, आईंना वंदना नीट ऐकू येऊ द्या. जन्मात कधी ऐकलं नाही त्यानं तिचं, ते नेमकं त्या दिवशी ऐकलं.

वंदना झाली. खीर वाटून झाली. माणसं पांगली. कॅमेरा टेबलावर ठेवून तो खुर्च्या उचलायला गेला असावा, पण बंद करायचा विसरला. पडद्यावर रिकामं पातेलं आणि विझलेली एक मेणबत्ती तेवढी उरली. इलाचा हात सैल पडला.

मग पावलं वाजली. कांतानं ती ओळखली. पावलं टेबलापाशी येऊन थांबली.

"कांता, ऐक ना. मला जरा..."

"पुरे! आधी तो कॅमेरा बंद करा."

खट्. पडदा निळा झाला.

मागच्या रांगेत एक मराठी जोडपं खुदकन हसलं. नवराबायकोचं असंच असतं, असं काहीसं बाई म्हणाली.

"तेच ना? आई, तेच ना बाबा?" इलाचे डोळे भरून आले होते. तिनं मशीनपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला हात केला. "अगेन, प्लीज. जस्ट द एंड."

म्हाताऱ्यानं टेप मागं नेली. पातेलं, मेणबत्ती, पावलं. कांता, ऐक ना. मला जरा. पुरे. खट्.

"मग?" इला आईकडे वळली. "कॅमेरा बंद केल्यावर काय म्हणाले?"

कांता आठवू लागली. खुर्च्या मोजून झाल्या होत्या, गाडीत सामान भरलं होतं, इला रडत होती. तो काय म्हणाला? चहा हवा होता का त्याला? की थोडं बसायचं होतं? त्यानंतर बाराव्या दिवशी तो ऑफिसच्या जिन्यात छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. कॅमेरा बंद झाल्यावर तो काही बोललाच नव्हता. तिनं विचारलंही नव्हतं.

"आई, सांग ना. काय म्हणाले?"

लेकीला काहीतरी द्यायला हवं होतं. तुझं नाव घेतलं, म्हणावं. दमलोय म्हणाले, म्हणावं. काहीही. कांतानं ओठ ओले केले आणि तोंड उघडलं.

म्हाताऱ्यानं न सांगता तिसऱ्यांदा टेप सोडली होती. कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरमधून सत्तावीस वर्षांपूर्वीची कांता तिच्यावर खेकसली.

"पुरे!"