सीपीयूवरचं कुंकू

दुसरबीडच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर सुरूच होईना. नवरा सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला गेलेला. शेवटी मीच मोबाइलवर दुरुस्तीचा एक जुना व्हिडिओ लावला.

त्यातला माणूस सांगेल तसा मी एकेक स्क्रू काढत होते. मग त्यानं त्याच्यासमोरचा सीपीयू वळवला.

बाजूला कुंकवाचा फराटा होता. परवा दसऱ्याच्या पूजेत माझं बोट घसरून आमच्या सीपीयूवर उमटला होता, अगदी तोच. वर मीच ओवलेला झेंडूचा हार.

घाबरून मी सवयीनं नवऱ्यालाच हाक मारली, "अहो!"

व्हिडिओतले हात थांबले. "बाई," तो माणूस हळूच म्हणाला, "नाव न घेता हाक काऊन मारली? आता कोणीबी ओ देईल."

आमच्या दुकानामागच्या कुलूपबंद खोलीतून उत्तर आलं, "हाव, आलो."