झोंबणारी तंबाखू

"ही पण भिकार! जीभ पोळतेय," म्हणत मी दुसरा पाइप खाली ठेवला.

डबीरच्या गच्चीवर रविवारी सकाळी आमची ही परीक्षा चालायची. तो गुपचूप तीन पाइपांत तीन तंबाखू भरून द्यायचा आणि पागेनं नि मी ओढून ओळखायच्या. दातांचा डॉक्टर पागे अजून पहिल्याच पाइपवर रेंगाळत होता. मी तिसरा ओढला. गोडसर वास, मागून किंचित मनुकांची चव आणि पुन्हा तोच चटका.

"हल्ली कुणाला तंबाखू मुरवताच येत नाही! दिवाळीपासून डब्यामागून डबे बदलतोय. सगळ्या साल्या डावीकडे झोंबतात!"

डबीर टेबलावर हात आपटून हसायला लागला. "गाढवा, आज तिन्हींत एकच भरलीय. दिवाळीआधी इतकी वर्षं तू ओढायचास तीच, सगळ्यात सौम्य!"

मीही हसलो. चांगलाच फसलो होतो.

पागे मात्र हसला नाही. "नेहमी डावीकडेच?" त्यानं विचारलं. मग माझी हनुवटी धरून मला उन्हाकडे वळवलं. "जीभ बाहेर काढ. अजून. आता उजवीकडे वळव."

पागेनं वाकून जिभेची डावी कड नीट न्याहाळली. डबीरचं हसू थांबलं. मी जीभ तशीच बाहेर ठेवून पागेच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

त्यानं हनुवटी सोडली, आपला पेटता पाइप उचलला आणि सगळी तंबाखू तुळशीशेजारच्या कुंडीत उपडी केली.