मागून धरणारा

“कुणाची गं ही सायकल?” लेनने तिसऱ्यांदा विचारलं.

“माझी,” आव्रिल म्हणाली.

“छान आहे. नवऱ्याकडे पण आहे का अशी?”

“तो चालवत नाही. तो धरतो.”

लेनने समजल्यासारखी मान हलवली. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिचं इतकं निमूटपणे क्वचितच ऐकलं असेल.

दर बुधवारी संध्याकाळी थर्स्क गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून सायकल क्लबची शर्यत सुटे. एकेक स्वार, मिनिटामिनिटाच्या अंतराने, पुढच्या गोल चौकाला वळसा घालून परत. सोबतीला कुणी नाही, फक्त घड्याळ. पाय आधीच पेडलला अडकवलेले असतात, म्हणून सुटेपर्यंत कुणीतरी मागून सीट धरून उभं राहावं लागतं. ते काम वर्षानुवर्षं लेनचं. हल्ली दुपारचं जेवण त्याला संध्याकाळी आठवत नसे, बायको की बहीण अशी गल्लत होई, पण क्लबाने काम काढून घेतलं नव्हतं. हात अजून विसरले नव्हते.

उद्या सकाळी आव्रिल त्याला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात पोचवणार होती. कायमचं. खोली मिळाली होती, शर्टांवर त्याच्या नावाच्या पट्ट्या शिवून झाल्या होत्या. त्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं. पट्ट्या शिवताना रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली, तर चहाची तल्लफ आली. सायकल मुलीच्या आग्रहाने घेतलेली. “आई, आता तुला वेळच वेळ असेल,” असं ती फोनवर म्हणून गेली होती.

आव्रिलच्या मागचा नंबर टेरीचा. नळदुरुस्तीचं काम करायचा, आणि घट्ट पोशाखात त्याचं पोट मावत नव्हतं. “अगं, त्या टोकदार टोपीत तू बगळा दिसतेस. वाटेत मासा दिसला तर थांबू नकोस.”

“तू परत येईपर्यंत चार पकडून होतील.”

बोलणं आपोआप होत होतं. आतून ती सकाळपासून बधीर होती.

घड्याळ घेतलेल्या मॉरिसने खूण केली. लेनने सीट धरली, पाय फाकवून उभा राहिला, आणि नवी सायकल खांबाला बांधल्यासारखी स्थिर झाली. तिने पाय अडकवले, कोपरं पुढच्या दांड्यांवर टेकवली. या सायकलवर माणूस इतका वाकतो की समोरचा हातभर रस्ताच काय तो दिसतो. आव्रिलला ते बरं वाटलं.

“तीन, दोन, एक. जा.”

तिने पेडल दाबलं. सायकल जागची हलली नाही.

“लेन,” मॉरिस म्हणाला. “सोड.”

“कुठे चाललीय ही?”

“चौकापर्यंत. वळसा घालून येईल परत.”

“एकटीच?”

“सगळे एकटेच जातात, लेन. तुला ठाऊक आहे.”

लेन विचार करत राहिला. वेळ झाली की घड्याळ चालू, मग स्वार निघो न निघो. मॉरिस सख्ख्या आईलाही सेकंदाची सूट देणार नाही, असं क्लबात म्हणत. टाच जराशी बाहेर वळवली असती तर आव्रिलचा पाय मोकळा झाला असता. तिने वळवली नाही. मागे लेनचा श्वास ऐकू येत होता, आणि तिचं सगळं वजन त्याच्या हातांत होतं. कितीतरी महिन्यांत तिला कुणी असं धरलं नव्हतं.

“बरं,” लेन अखेर म्हणाला. “पण अंधार पडायच्या आत घरी ये हं, पोरी.”

आणि त्याने हात काढला, नेहमी काढायचा तसाच. ढकलायचं नाही, नुसती मूठ उघडायची.

सायकल सुसाट निघाली. पुढचे दोघं तिने सहज मागे टाकले. एरवी नाकात दम आणणारा चढ कधी संपला तेही कळलं नाही. आनंद व्हायला हवा होता. मांड्या दुखल्या, बाकी काही नाही. चौकात एकदा वाटलं, न वळता सरळच जावं. ती वळली.

शर्यतीनंतर सगळे गावच्या सभागृहात चहाला जमले. मॉरिस फळ्यावर वेळा लिहीत होता. आव्रिलचं नाव आलं तसा त्याचा खडू थांबला. त्याने तिला जवळ बोलावलं.

“आजवरची तुझी सगळ्यात चांगली वेळ झाली असती. अर्धं मिनिट लेनकडे गेलं.” त्याने आवाज खाली आणला. “मी ते वजा करतो. कुणी काही म्हणणार नाही.”

आव्रिलने कोपऱ्यात पाहिलं. लेनच्या हातातला केक तसाच होता. ती पोरगी आली का रे परत, म्हणून तो टेरीला विचारत होता. टेरीने सांगितलं, आली, ती काय तिथे. लेनने दाराकडे पाहिलं.

तिचे डोळे भरून आले. ज्याची केव्हाची वाट पाहिली होती, ते रडू असं चहाचा कप हातात असताना आलं.

“राहू दे, मॉरिस.”

“अगं, त्या अर्ध्या मिनिटात तू जागची हललीही नव्हतीस.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “त्यातला एक सेकंदही काढू नकोस.”