पाच मिनिटं पुढे

लाइट गेली, आली आणि दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला. चालू झाला तेव्हा त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. त्यामुळे एकही वेबसाइट उघडेना. समोर उकंडराव ताटकळले होते. नातीचं हॉलतिकीट घेऊन त्यांना कारंजाची बस धरायची होती.

मी आतला सेल बदलला, वेळ लावली आणि तिकीट निघालं. तेव्हापासून आत किर्रकिर्र वाजायला लागलं. पंखा असेल, म्हटलं.

पण घड्याळ पाच मिनिटं पुढे सरकलं होतं. पुन्हा लावलं, पुन्हा तेवढंच पुढे.

उकंडराव हसले. "मोईन, तुह्या बापाची सवय लागली त्याले!"

याच दुकानात अब्बा घड्याळं दुरुस्त करत. कामरगावात कुणाची बस चुकू नये म्हणून प्रत्येक घड्याळ पाच मिनिटं पुढे करत. मग गिऱ्हाइकाच्या मनगटावर स्वतः बांधून देत, पट्टा बोटभर सैल ठेवून. आता अब्बा नाहीत.

त्या पुढच्या घड्याळाकडे बघून उकंडराव लगबगीनं निघाले. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. "चढलो रे बाप्पा! जराशानं चुकली असती."

मला फार बरं वाटलं. "राहू द्या, अब्बा," मी हसून म्हणालो. "आता नाई बदलवत."

तेवढ्यात लाइट पुन्हा गेली. पडदा काळा झाला.

किर्रकिर्र चालूच होती, घड्याळाला चावी देताना येते तशी, अगदी सावकाश.

मग ती थांबली. आणि माझ्या उघड्या मनगटावर कुणीतरी पट्टा बांधला, बोटभर सैल.