स्वतःचा खांब

कुवाबारांनी रेकॉर्डवर सुई टेकवली आणि ते नागासेंच्या तोंडाकडे बघत बसले. जपानातल्या मात्सुमोतो शहरातल्या सगळ्या रेकॉर्डशौकीन म्हाताऱ्यांत नागासेंचा कान म्हणजे शेवटचा शब्द.

खिडकीबाहेर अंगणात विजेचा नवाकोरा खांब उभा होता. त्याच्यावर ट्रान्सफॉर्मर, तोही स्वतःचा. गल्लीच्या खांबावरून येणारी वीज साऱ्या शेजाराच्या वॉशिंग मशीनची घरघर घेऊन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरायची. ती कटकट मिटवायला कुवाबारांनी आपल्या एका घरासाठी हा खांब रोवून घेतला होता. त्याला जागा हवी म्हणून बायकोनं, फुमिएनं, लावलेलं पर्सिमनचं फळझाड गेलं. ती त्यावर काही बोलली नव्हती. हल्ली ती कमीच बोलायची, बोलायला श्वास पुरत नसे.

चेलो सुरू झाला. नागासेंनी मान वाकडी केली.

"अजून आहे हो. अगदी तळाशी. घरघर."

कुवाबारा उठले. फ्रिज बंद केला, दिवे घालवले, संडासातलं गरम होणारं आसनही बंद केलं. हीटर आधीच बंद होता, दोघं कोट घालूनच बसले होते.

"आता?"

"कुठेतरी मोटर चालू आहे. गल्लीची घाण तुम्ही बाहेर ठेवलीत, पण ही घरातलीच आहे, आणि तुमच्याच खांबावर." नागासे हसले. "वहिनी काही दळताहेत का?"

कुवाबारा हसले नाहीत. त्यांची नजर कागदी सरकत्या दाराकडे गेली. पलीकडे फुमिए होती आणि तिचं मोटरवर चालणारं प्राणवायूचं यंत्र. नाकातली नळी आंघोळीलासुद्धा काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संपूर्ण घराची वीज नव्या खांबावर घेताना ते यंत्रही त्याच खांबावर आलं, हे एवढ्या काटेकोर माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

"जाऊ द्या, चहा घेऊ," ते म्हणाले. आवाज पडला होता. चार वर्षं त्यांनी या दुपारची वाट पाहिली होती.

"वाईट नका वाटून घेऊ. बऱ्यापैकी आहे की."

बऱ्यापैकी. कुवाबारांना तो शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागला.

आणि तेवढ्यात घरघर थांबली.

चेलो एकदम पुढ्यात येऊन बसला. गज तारेला लागायच्या आधीचा क्षणसुद्धा ऐकू येत होता. नागासेंनी डोळे मिटले.

"आता बोला! खांबाचं चीज झालं, कुवाबारा-सान."

कुवाबारांना कळलं होतं. पहिल्याच सुराला कळलं होतं. ते खुर्चीतून अर्धे उठले. ही एवढी रचना होऊ दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते पुन्हा टेकले. माणूस वाईट नव्हता. रचना मोठी नव्हती. त्यांनी ती शेवटच्या सुरापर्यंत ऐकली, आणि आयुष्यात इतकं सुंदर काही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

सूर विरला. पुढची रचना सुरू व्हायला अवकाश होता. रेकॉर्ड नुसतीच फिरत होती, आणि खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

कागदी दारापलीकडून एक आवाज आला. जोर लावून आत ओढलेला, मध्येच अडकलेला. मग तसाच दुसरा.

नागासेंनी डोळे उघडले. त्यांचा कान कधी चुकत नसे.

"कुवाबारा-सान," ते हळूच म्हणाले, "हा आवाज विजेचा नाही."

कुवाबारांनी धावत जाऊन दार सरकवलं. फुमिए भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर पडले होते, बोट अजून यंत्राच्या बटणावर होतं.

"आता," ती म्हणाली, आणि पुढच्या शब्दासाठी थांबली. "आता साफ येतंय ना?"